अब्रू आणि भुवई

सकाळचे सहा वाजून गेले होते. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत एकच आरसा होता, तोही कपाटाच्या दाराला लावलेला. माझी इराणी मैत्रीण त्याच्यासमोर बसून भुवई रेखत होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं कपाळाची कातडी जराशी ताणलेली, श्वास रोखलेला. साडेसातला पेपर होता. मी नोट्स उलटत होते, चहा उतू जायच्या बेतात होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पेपरला चाललीयेस की लग्नाला?" तिनं आधी भुवईचं टोक पूर्ण केलं. मग आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाली, "शाळेत आमच्या नाझेमबाईपण हेच विचारायच्या."

नाझेम म्हणजे शाळेत शिस्त बघणाऱ्या बाई. तेहरानच्या तिच्या शाळेत त्या सकाळी फाटकाशी उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या मुलींच्या भुवया तपासायच्या. इराणमध्ये पूर्वापार रीत अशी की लग्नाआधी मुलीनं भुवया कोरायच्या नाहीत, चेहऱ्यावरची लव काढायची नाही. लग्न ठरलं की 'बंद-अंदाजान' हा विधी व्हायचा. नवरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दोरा फिरायचा, घरच्या बायका गाणी म्हणायच्या, गोडधोड वाटलं जायचं. त्यामुळे कोरलेली भुवई ही लग्न झाल्याची खूण. शाळकरी मुलीची भुवई कोरलेली दिसली तर ती हाताबाहेर गेली असं समजायचं. माझ्या मैत्रिणीनं चौदाव्या वर्षी मधले दोन-चार केस उपटले, तर घरी चिठ्ठी गेली आणि वडिलांना सही करून ती परत द्यावी लागली. हे सांगताना ती हसली नाही. मला माझ्या वाक्याची तेव्हा लाज वाटली, आणि हा लेख लिहितानाही वाटते आहे.

फारसीत अब्रूला 'आबरू' म्हणतात. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी ती अब्रू. भुवईचा शब्द 'अबरू'. फारसी लिपीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. फरक असतो तो पहिल्या अलिफच्या डोक्यावरच्या एका छोट्या रेघेचा. यातला पहिला शब्द आपण मराठीत उचलला आणि 'आब राखून' राहायलाही शिकलो. पडदा, शरम, चादर, बदनाम, गस्त हेही तिकडूनच आलेले. म्हणून 'गश्त-ए-इर्शाद' हे तिथल्या नैतिकता पोलिसांचं नाव मराठी कानाला परकं वाटत नाही. इर्शाद म्हणजे मार्गदर्शन, आणि गश्त म्हणजे आपली गस्तच. डोक्यावरचा रुमाल मागे सरकला, केस दिसले, ओठ जास्त रंगले, तर त्याला 'बद-हिजाबी' म्हणतात. त्यातला 'बद' कुणी समजावून सांगायची आपल्याला गरज नाही.

इराणी बाईच्या चेहऱ्यावरून तिचा निकाल लावायचा अधिकार तिथल्या पोलिसाला नाही, हे आपल्यातल्या बहुतेकांना पटतं. मला त्याच्या पुढचं म्हणायचं आहे. तो अधिकार तिच्या शेजारणीला नाही, तिच्या बाजूनं लिहिणाऱ्या परदेशी पत्रकाराला नाही आणि मलाही नाही. निकाल कौतुकाचा असला तरी नाही.

"इराणी बायका इतका मेकअप का करतात?" हा प्रश्न तेहरान बघून आलेले परदेशी प्रवासी विचारतात, आणि लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेले इराणीही एकमेकांना विचारतात. त्यावरचं तयार उत्तर असं: केस झाकले, गळा झाकला, अंगावर मांतो म्हणजे ढगळ लांब कोट चढवला, राहिला फक्त चेहऱ्याचा गोल. मग सगळी हौस त्या तळहाताएवढ्या जागेत उतरणारच. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. नटण्याची ही परंपरा सक्तीपेक्षा फार जुनी आहे. नखशिखांत नटलेल्या बाईला फारसीत 'हफ्त कलम आरायिश' केलेली म्हणतात, म्हणजे सात कलमांनी सजलेली. हिना, भुवयांना काळेभोर करणारा वस्मे, गालांवरचा सुर्खाब, चेहऱ्याला लावायचा सफीदाब, डोळ्यांतला सुरमा, चमचमणारा जरक आणि मुद्दाम काढलेला तीळ. ही यादी सांगणाऱ्यागणिक थोडीफार बदलते. फारसी कवितेत भुवईच्या कमानीला मशिदीतल्या मेहराबाची उपमा देतात. ज्या कमानीकडे तोंड करून नमाज पढायचा, तीच प्रेयसीच्या डोळ्यांवर दिसते. नाझेमबाईंच्या वर्गातही फारसीच्या तासाला मुली या ओळी पाठ करत असणार.

सौंदर्याची मापंही तिथं आपल्या कल्पनेपेक्षा जास्त वेळा बदलली. एकोणिसाव्या शतकातल्या, काजार राजघराण्याच्या काळातली चित्रं बघा. बायकांच्या भुवया नाकाच्या वर एकमेकींना भिडलेल्या, आणि वरच्या ओठावर लवेची बारीक रेघ. त्या काळात ही मिशीची रेघ सौंदर्यात मोडायची. निसर्गानं दिली नसेल तर बायका ती रंगानं काढून घ्यायच्या. युरोपीय पाहुण्यांना ते विचित्र वाटलं, त्यांनी तसं लिहिलं, आणि पुढे इराणी शहाण्यासुरत्या लोकांनाच आपल्या आज्या-पणज्यांच्या चेहऱ्यांचा संकोच वाटू लागला. या काळावर अफसाने नज्माबादी या इतिहासकार विदुषीनं सविस्तर काम केलं आहे. मला त्यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं हे वाटतं, की बाहेरच्याची एक नजर घरात शिरते आणि दोन पिढ्यांत ती आपलीच नजर होऊन बसते.

मग सत्तेनं हात घातला, आणि पहिला हात झाकण्यासाठी नव्हता, उघडं करण्यासाठी होता. ८ जानेवारी १९३६ रोजी इराणचा राजा रझा शाह आपल्या राणीला आणि मुलींना बुरख्याविना घेऊन तेहरानमधल्या एका अध्यापक विद्यालयाच्या समारंभाला गेला. 'कश्फ-ए-हिजाब', म्हणजे हिजाब उतरवणं, ही त्याची मोहीम. त्यानंतर पोलिसांना हुकूम होता की रस्त्यात चादर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचं वस्त्र, घेतलेली बाई दिसली तर ती चादर ओढून काढायची. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. हमामला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, जायचं तर रात्री, गच्च्यांवरून, शेजाऱ्यांच्या भिंती ओलांडत. माझ्या मैत्रिणीची पणजी त्यांतलीच. १९४१ मध्ये रझा शाहला गादी सोडावी लागली तेव्हा ती रस्त्यावर आली, अशी त्यांच्या घरात आठवण सांगतात. घरातल्या पुरुषांना हा काळ प्रगतीचा वाटायचा. पणजीला तो पाच वर्षांच्या कैदेसारखा आठवायचा. पुढे रझा शाहच्या मुलाच्या कारकिर्दीत सक्ती गेली, पण तुच्छता राहिली. चादर घेतलेल्या बाईला चांगल्या हॉटेलात दारातूनच परत पाठवल्याच्या गोष्टी त्या काळातल्या आहेत.

सत्तरच्या दशकात या दुसऱ्या शाहच्या विरोधात उभे राहिलेले डावे तरुणही या बाबतीत वेगळे नव्हते. त्यांना ओठ रंगवलेली बाई म्हणजे 'अरूसक-ए-फरंगी', फिरंगी बाहुली वाटायची; भांडवलशाहीनं रंगवलेली आणि डोकं रिकामं असलेली. संघटनेतल्या मुलींनी साधं राहायचं, रंग लावायचा नाही. इस्लामी गटही तिला पाश्चात्त्यांच्या नादी लागलेलीच म्हणत. दोघांचं एकमेकांशी वैर होतं, पण बाहुलीबद्दल एकमत होतं. त्याची किंमत मार्च १९७९ मध्ये कळली. शाहला हटवणाऱ्या इस्लामी क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांनी हिजाब घ्यावा असं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या रस्त्यांवर बर्फ पडत असताना हजारो बायका उतरल्या. पुढचे काही दिवस त्या उतरतच राहिल्या. त्यांच्या अंगावर धावून आलेल्या जमावाची घोषणा होती, "या रूसरी, या तूसरी!" म्हणजे डोक्यावर रुमाल घ्या, नाहीतर डोक्यात रट्टा घ्या. बहुतेक डाव्या संघटनांनी त्या बायकांना सांगितलं की हा प्रश्न दुय्यम आहे, आधी साम्राज्यवाद. रुमालासाठी भांडणारी ती कोण, तर बाहुली. १९८० मध्ये कचेऱ्यांमध्ये हिजाब सक्तीचा झाला, आणि १९८३ च्या कायद्यानं न झाकलेल्या डोक्याला ७४ फटके ठरवले.

ही शिक्षा इतिहासजमा झालेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये रोया हेश्मती या तरुणीला ७४ फटके मारले गेले. तिनं स्वतःच ते लिहून जगाला कळवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये साकेझहून तेहरानला आलेली बावीस वर्षांची महसा अमिनी, घरचं कुर्दी नाव जीना, गश्तीच्या ताब्यात गेली आणि तीन दिवसांनी रुग्णालयात मरण पावली. पोलिसांनीच प्रसिद्ध केलेल्या चित्रीकरणात ती दिसते. अंगात लांब काळा झगा, डोक्यावर रुमाल. एक महिला कर्मचारी तिच्याशी बोलता बोलता तिच्या रुमालाला हात लावते. ते दृश्य मी परत परत बघितलं. त्या मुलीनं डोकं झाकलेलंच होतं. म्हणजे "नियम पाळला असता तर वाचली असती" असं म्हणायलाही तिथं जागा नाही. तपासणी सुरू झाली की बाई किती झाकलेली आहे याला अर्थ उरत नाही. तपासणाऱ्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचला, एवढंच उरतं.

पुरुषांनाही सोडलेलं नाही. क्रांतीनंतर टाय पाश्चात्त्य म्हणून हद्दपार झाला आणि २०१० मध्ये पुरुषांसाठी मान्यताप्राप्त केशरचनांचा नमुनासंचच निघाला. पण केस वाढवलेल्या मुलाला बहुतेक वेळा न्हाव्याकडे पाठवून सोडतात. बाईच्या बाबतीत प्रश्न कुटुंबाच्या आबरूपर्यंत जातो.

आता निकाल लावणाऱ्या दुसऱ्या बाजूकडे येते. ते लोक मला जवळचे आहेत, म्हणून त्यांच्याशी भांडणं जास्त गरजेचं वाटतं. फारसी बोलीभाषेनं एकमेकांना तोलण्यासाठी केवढे शब्द जमवले आहेत! साधी, झाकलेली, भुवया न कोरलेली दिसली तर 'ओम्मोल', म्हणजे बुरसटलेली. भडक दिसली तर 'जेल्फ', म्हणजे थिल्लर. ओठ फुगवलेले, गाल भरलेले, पापण्या चिकटवलेल्या दिसल्या तर 'पलंग', म्हणजे बिबट्या. बेतानं नटलेली मात्र 'बाकेलास', वरच्या वर्गातली. आणि वर्ग हाच इथला कळीचा मुद्दा आहे. तेहरान डोंगरउतारावर वसलेलं शहर. उत्तरेला अल्बोर्झ पर्वताच्या पायथ्याशी पैसेवाले, खाली दक्षिणेला कष्टकरी. तीच गडद लाल लिपस्टिक उत्तरेकडच्या तजरीशच्या कॅफेत बसली की धीट असते, आणि दक्षिणेकडच्या मेट्रो स्टेशनात उतरली की जेल्फ होते. रंग एकच, बघणारे बाईचा पत्ता वाचत असतात. "आपल्या बायका फार थापतात हो" असं म्हणणारे सुशिक्षित इराणी मला भेटले आहेत. सक्तीच्या कायद्याला त्यांचा मनापासून विरोध आहे, आणि तरी बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर नाझेमबाईंचा भाव येतो. आपल्याकडच्या 'लोक काय म्हणतील'ला तिकडे 'हर्फ-ए-मर्दोम' म्हणतात, लोकांचं बोलणं. त्याला वर्दी लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. मग बोलायचंच नाही का? नाकाच्या शस्त्रक्रियांसाठी इराण जगभर प्रसिद्ध आहे. नाकावर पांढरी पट्टी लावून मुली, आणि हल्ली मुलंही, उघडपणे रस्त्यानं फिरतात. पट्टी लपवायची नसते, कारण ती ऐपतीची खूण आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी हाड कापून घेणं ही स्वातंत्र्याची गोष्ट मानायची का? मी मानत नाही. मला ते बघून वाईट वाटतं. पण वाईट वाटल्यावर बोट कुणाकडे दाखवायचं, इथे माझा मतभेद आहे.

थोडा हिशेब मांडून बघा. या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. आणि आजही काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण पाचात एकीपेक्षा कमी आहे. म्हणजे शिकवायचं भरपूर आणि नोकरीचं दार जेमतेम किलकिलं ठेवायचं. मग पदवी घेतलेल्या मुलीपुढे काय उरतं? लग्न, आणि लग्नाच्या बाजारात पदवीच्या आधी चेहरा बघितला जातो. घरचे लोक कर्ज काढून नाकाचं ऑपरेशन करतात ते छचोरपणानं नव्हे. दुसरीकडे पैसे गुंतवायला जागा नाही म्हणून. माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीनं अभियांत्रिकी केलं, दोन वर्षं अर्ज केले, आणि तिसऱ्या वर्षी नाक करून घेतलं. तिची हौस किती आणि हतबलता किती, हे मला लांबून सांगता येणार नाही. तिलाही नीट सांगता येईल असं नाही. दवाखान्यांच्या जाहिरातींवर बोला. परवाना नसताना सुरी चालवणाऱ्यांवर बोला. बायकांना कामावर न घेणाऱ्या कचेऱ्यांवर तर बोलाच. त्या बहिणीच्या नाकावर बोलल्यानं यातलं काहीही हलत नाही, फक्त तिला आणखी एक तपासनीस मिळतो.

आणि कौतुक? महसाच्या मृत्यूनंतर पेटलेल्या २०२२ च्या आंदोलनापासून पाश्चात्त्य माध्यमांना, आणि त्यांच्यामागून आपल्यालाही, लाल ओठांची, मोकळ्या केसांची इराणी तरुणी म्हणजे बंडाची मूर्ती म्हणून फार आवडली. त्या मुली शूर आहेतच. शूर या शब्दानंही त्यांचं मोल पुरेसं सांगून होत नाही. पण लिपस्टिकलाच झेंडा मानलं की लिपस्टिक न लावणारीची गणना सत्तेच्या बाजूला होते. डिसेंबर २०२२ मध्ये इराणच्या बलुचिस्तानातल्या जाहेदान शहरात बायकांचा मोर्चा निघाला. सगळ्या काळ्या चादरीत, कित्येकींचे डोळेच तेवढे दिसत होते. त्या ओरडत होत्या, "हिजाब असो वा नसो, चला क्रांतीकडे!" या बायकांचं छायाचित्र कुठल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेलं मी पाहिलं नाही. त्या वर्षीच्या आंदोलनातलं सगळ्यात शहाणं वाक्य मात्र मला त्यांचंच वाटतं.

आपणही त्या वर्षी फार स्वच्छ राहिलो नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटकात महाविद्यालयाच्या फाटकावर हिजाब घातलेल्या मुली अडवल्या गेल्या, मार्चमध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. सप्टेंबरात तेहरान पेटलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही काकांनी इराणी मुलींचे रुमाल जाळतानाचे व्हिडिओ टाकले, "बघा, त्यांनाच नको आहे" असं लिहून. दुसऱ्या काहींनी कर्नाटकातल्या मुलींची बाजू घेतली होती, ते इराणबद्दल बोलायचं टाळू लागले. दोन्हीकडे शाळेच्या किंवा मेट्रोच्या दारात कुणीतरी एका मुलीला थांबवून तिच्या डोक्याकडे बघत होतं. एवढं एक साम्य दिसायला मला तरी फार राजकारण कळावं लागलं नाही.

आवडनिवड असू नये असं मी म्हणत नाही. मला अजूनही जाड रेखलेल्या भुवया आवडत नाहीत, आणि मैत्रिणीला माझ्या कोरड्या ओठांबद्दल बरंच बोलायचं असतं. दोघी बोलतो. तेवढ्यावर कुणाचं चारित्र्य, वर्ग, डोकं किंवा राजकारण ठरवत नाही.

सत्तेची नजर आता यंत्रांत गेली आहे. एप्रिल २०२३ पासून पोलिसांनी कॅमेऱ्यांनी डोकी ओळखायला सुरुवात केली. गाडीत रुमाल न घेतलेली बाई दिसली की मालकाच्या मोबाइलवर संदेश यायचा, वारंवार झालं की गाडी जप्त व्हायची. त्याहून कडक 'हिजाब आणि पावित्र्य' कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू व्हायचा होता. तो ऐनवेळी थांबवला गेला, रद्द झालेला नाही. तरी तेहरानच्या फुटपाथवर उघड्या डोक्यानं चालणाऱ्या बायका कमी झालेल्या नाहीत.

माझी मैत्रीण शिक्षण संपवून परत गेली त्याला बरीच वर्षं झाली. मध्यंतरी तिनं एक फोटो पाठवला. ती आणि तिची आई रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या आहेत. आईची काळी चादर हनुवटीखाली मुठीत घट्ट धरलेली, लेकीचे केस मोकळे आणि करडे होत आलेले. दोघींच्या मध्ये फालूद्याचा एकच कप आणि दोन चमचे. तिच्या भुवया रेखलेल्या होत्या की नाही, ते मी मोठं करून बघितलं नाही. खाली तिनं लिहिलं होतं, "आई विचारतेय, पुण्यात पाऊस सुरू झाला का?"